‘येस’ लिहिण्याआधी ठसा पडताळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाड्याने घेतलेल्या सर्व्हरशी घरच्या संगणकावरून टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून) एसएसएच या, दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या आज्ञेने जोडणी कशी करावी, याची माहिती आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत नुकतीच आली होती. मराठीत असे काही छापून येते हे चांगलेच आहे, कारण हा विषय आता फक्त आयटी कंपन्यांपुरता राहिलेला नाही. ॲमेझॉनची मुंबईतली क्लाउड सेवा २०१६ साली सुरू झाली आणि आज डिप्लोमाचा विद्यार्थीसुद्धा प्रकल्पासाठी तासांच्या हिशेबाने मशीन भाड्याने घेतो. पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्म या महासंगणकावर गणिते चालवणारे संशोधकही एसएसएचनेच आत शिरतात. त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोज १०मध्ये २०१८च्या एप्रिल अपडेटपासून ही आज्ञा आयती येते आणि लिनक्स, मॅकवर तर ती आधीपासूनच आहे.

तक्रार आहे ती दोन वाक्यांबद्दल. पहिल्या जोडणीत एक प्रश्न येईल, तेव्हा ‘येस’ लिहून एंटर दाबा आणि मग पासवर्ड द्या, एवढेच त्या लेखात सांगितले होते. बहुतेक इंग्रजी शिकवण्यांतही हेच असते, त्यामुळे लेखकाला एकट्याला दोष देता येणार नाही. पण एसएसएच वापरताना माणसाने स्वतः करायचे असे जे एकच काम उरले आहे, ते नेमके त्या प्रश्नापाशी आहे. बाकीचे सगळे प्रोग्रॅम बघून घेतो. (या पत्रात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरे, आणि वेगळे सांगितले नसेल तिथे लहान.)

आज्ञा अशी असते: एसएसएच, मोकळी जागा, सर्व्हरवरचे वापरकर्तानाव, ॲटचे चिन्ह आणि त्याला चिकटून सर्व्हरचा पत्ता. हे नाव आपल्या घरच्या संगणकावरचे नव्हे. क्लाउडमधल्या तयार उबुंटू लिनक्सवर ते बहुधा ‘उबुंटू’ असते, ॲमेझॉन लिनक्सवर ‘ईसी२-यूझर’, आणि काही कंपन्या थेट ‘रूट’ (सगळे अधिकार असलेले खाते) देतात. नाव चुकले तरी उत्तर येते ‘परमिशन डिनाइड’ आणि किल्ली (पासवर्डऐवजी वापरायची फाइल, तिच्याबद्दल पुढे) चुकली तरी तेच. नेमके काय चुकले हे सर्व्हर मुद्दाम सांगत नाही, नाहीतर खरी नावे शोधून काढणे चोराला सोपे जाईल.

एंटर दाबल्यावर पहिल्याच खेपेला जो मजकूर येतो, त्याचा अर्थ असा: या मशीनची ओळख पटवता येत नाही, त्याची ईडी२५५१९ प्रकारची किल्ली अमुक ठशाची आहे, तरीही पुढे जायचे का? सर्व्हरची ही किल्ली म्हणजे त्याची ओळख पटवणारी जोडी, एक बाजू खासगी आणि एक उघड. ठसा म्हणजे त्या उघड बाजूची छोटी खूण: ‘एसएचए२५६’ आणि अपूर्णविरामानंतर येणारी ४३ अक्षरांची ओळ. वाचून अर्थ लागत नाही म्हणून लोक ती सोडून देतात.

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड टिपून घेण्याचा प्रकार उघड झाला, तेव्हा तिथल्या तातू इलोनेन यांनी एसएसएचची पहिली आवृत्ती लिहिली. तोवर दूरच्या संगणकावर जाण्यासाठी टेलनेट वापरत आणि त्यात पासवर्ड तारेवरून उघडाच जाई. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट (सेवेचा दारक्रमांक) २१, टेलनेटचा २३, म्हणून मधला रिकामा २२ इलोनेन यांनी मागून घेतला. आज बहुतेक सर्व्हरवर चालते ती ओपनएसएसएच, ओपनबीएसडी प्रकल्पाने १९९९मध्ये आणलेली. एन्क्रिप्शनमुळे (मजकूर सांकेतिक करून पाठवल्यामुळे) वाटेत कान लावून बसलेल्याला काही कळत नाही, इथवर प्रश्न सुटला. पण ज्याच्याशी एन्क्रिप्शन ठरले तो आपलाच सर्व्हर आहे की मधला कोणी, हे एन्क्रिप्शन सांगू शकत नाही. लॉजच्या वायफायवर बसलेला कोणी आपल्याशी एक जोडणी आणि खऱ्या सर्व्हरशी दुसरी, अशा दोन जोडण्या जुळवू शकतो. दोन्ही एन्क्रिप्टेड आणि मध्ये तो. आपण दिलेला पासवर्ड सुरक्षितपणे थेट त्याच्या हातात पडतो. ब्राउझरमध्ये हा पेच प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था सोडवतात. एसएसएचच्या नेहमीच्या वापरात तशी तिऱ्हाईत संस्था नसते, म्हणून पहिल्या वेळी तिचे काम आपल्यावर येते.

ते काम दोन मिनिटांचे आहे. बहुतेक क्लाउड कंपन्या ब्राउझरमधूनच मशीनचा कन्सोल (थेट पडदा) उघडून देतात, तो एसएसएचच्या वाटेने येत नाही. तिथे लॉगिन करून ‘एसएसएच-कीजेन -एलएफ’ आणि पुढे ‘/ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब’ या फाइलचे नाव द्यावे. ठसा समोर येतो. कन्सोल नसेल तर मशीन पहिल्यांदा सुरू होतानाचा लॉग बघावा. क्लाउडच्या तयार प्रतिमांत (इमेज) बहुधा क्लाउड-इनिट हा नवे मशीन मांडून देणारा प्रोग्रॅम असतो आणि तो सगळ्या किल्ल्यांचे ठसे त्या लॉगमध्ये छापतो. पण तो लॉग सुरुवातीलाच उतरवून ठेवावा, पुढे जुना मजकूर पुसला जातो. ऑफिसचा सर्व्हर असेल तर तो सांभाळणाऱ्याला फोन करून ठसा विचारावा. तो हसला तर हसू द्यावे.

ताडताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. एका सर्व्हरच्या सहसा तीन किल्ल्या असतात, आरएसए, ईसीडीएसए आणि ईडी२५५१९, आणि तिघींचे ठसे वेगळे. समोर ईडी२५५१९चा ठसा आणि हातात आरएसएचा असेल तर तो जुळणार नाही, आणि त्यात धोका काहीच नसेल. दुसरे म्हणजे जुन्या कागदपत्रांत ठसा दोन-दोन अक्षरांच्या १६ जोड्यांत असतो. ती एमडी५ पद्धत. तशा ठशाशी ताडायचे तर कीजेनच्या आज्ञेत ‘-ई एमडी५’ घालावे, ई मोठी.

डोळ्यांनी ४३ अक्षरे ताडताना माणूस सुरुवातीची चार आणि शेवटची चार बघतो आणि मोकळा होतो. ओपनएसएसएचच्या ८.० आवृत्तीपासून त्यावर चांगला उपाय आहे. ‘येस’ऐवजी कन्सोलवरून उचललेला ठसाच ‘एसएचए२५६’सकट तिथे पेस्ट करावा. जुळला तर जोडणी पुढे जाते, नाहीतर प्रश्न पुन्हा येतो. आपल्या लेखात एवढे एक वाक्य बदलले असते तरी पुरले असते.

एकदा होकार दिला की ती किल्ली घरच्या संगणकावर ‘.एसएसएच’ फोल्डरमधल्या ‘नोन_होस्ट्स’ फाइलमध्ये जाते आणि पुढच्या वेळी प्रश्न येत नाही. पुढे कधी किल्ली वेगळी आढळली तर मोठ्या अक्षरांत, ॲटच्या चिन्हांची चौकट आखून इशारा येतो आणि जोडणी तुटते. बहुतेक वेळा कारण साधे असते. मशीन नव्याने इन्स्टॉल केलेले असते, किंवा जुने मशीन सोडून दिल्यावर तोच आयपी पत्ता दुसऱ्या मशीनला मिळालेला असतो. तरी आधी कारण शोधावे, मग ‘एसएसएच-कीजेन -आर’ (आर मोठा) आणि पत्ता देऊन तेवढीच नोंद काढावी, आणि नवा ठसा पुन्हा पहिल्यासारखा ताडावा. कित्येक जण अख्खी फाइलच उडवतात. त्याने इशारा जातो खरा, पण बाकी सगळ्या सर्व्हरची पटलेली ओळखही त्याबरोबर जाते. २४ मार्च २०२३ रोजी प्रोग्रॅमांचा कोड ठेवण्याच्या गिटहब या सेवेने आपली आरएसए होस्ट (म्हणजे सर्व्हरची) किल्ली बदलली, कारण तिची खासगी बाजू थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) उघडी पडली होती. जगभर अनेकांच्या स्क्रीनवर हाच इशारा झळकला. नवा ठसा गिटहबने स्वतःच्या संकेतस्थळावर दिला होता आणि तो ताडून पुढे जाणे, हीच बरोबर रीत होती.

आता पासवर्डकडे. नवे मशीन इंटरनेटवर आले की थोड्याच वेळात त्याच्या २२ पोर्टवर अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड लावून बघणे सुरू होते. ‘रूट’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’ ही नावे आणि हजारो नेहमीचे पासवर्ड. हे कोणी आपल्यावर डूख धरून करत नाही, प्रोग्रॅम सगळ्या इंटरनेटवर फिरत असतात. किल्लीने लॉगिन केले तर या माऱ्याचा उपयोग उरत नाही. दुसरा फायदा वरच्या मुद्द्याशी जोडलेला आहे. किल्लीने ओळख पटवताना खासगी बाजू आपल्या संगणकाबाहेर जात नाही. जाते ती फक्त सही, आणि ती त्याच जोडणीच्या ओळखक्रमांकाला बांधलेली असते. मध्ये बसलेल्याला ती खऱ्या सर्व्हरपुढे वापरता येत नाही. अर्थात तो खोटा सर्व्हर बनून आपले स्वागत करू शकतो आणि आपण सूडोसाठी (रूटचे अधिकार तात्पुरते देणारी आज्ञा) टाइप केलेला पासवर्ड टिपू शकतो, म्हणून किल्ली असली तरी ठसा ताडणे सुटत नाही.

किल्ली करण्यासाठी ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’. फाइल कुठे ठेवायची विचारले की एंटर. पण तिथे जुनी किल्ली असेल तर वर लिहायचे का, असा प्रश्न येतो. तिथे ‘वाय’ दाबले की जुनी किल्ली कायमची जाते. मग पासफ्रेज, ते नक्की द्यावे, लॅपटॉप चोरीला गेला तर तेच आडवे येते. दरवेळी टाइप करण्याचा कंटाळा असेल तर एसएसएच-एजंट ते लक्षात ठेवतो. दोन फाइली होतात. ‘.पब’ शेपटीची फाइल (पब्लिक की, उघड बाजू) सर्व्हरवर जाते, बिनशेपटीची (प्रायव्हेट की, खासगी बाजू) कुठेही जात नाही.

पब्लिक की सर्व्हरवर पोचवण्यासाठी लिनक्सवर ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ आहे. विंडोजवर ती आज्ञा नाही, म्हणून लोक नोटपॅडमधून कॉपी-पेस्ट करतात आणि तिथे अडकतात. ही की एकाच ओळीत असावी लागते. मध्ये एंटर पडला किंवा सुरुवातीचा ‘एस’ सुटला तर सर्व्हर ती ओळ मुकाट्याने वगळतो. फाइलचे नाव ‘ऑथराइज्ड_कीज’, शेवटी ‘.टीएक्सटी’ नाही. सर्व्हर विंडोजचा आणि वापरकर्ता ॲडमिनिस्ट्रेटर असेल तर की त्याच्या घरच्या फोल्डरमध्ये ठेवून चालत नाही. ती प्रोग्रॅमडेटामधल्या एसएसएच फोल्डरात ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स_ऑथराइज्ड_कीज’ या फाइलमध्ये जावी लागते. यावर माणसे तासन्‌तास घालवतात.

परवानग्यांचेही तसेच. लिनक्सवर त्या तीन आकड्यांत लिहितात, ७०० आणि ६०० म्हणजे फक्त मालकासाठी. सर्व्हरवर ‘.एसएसएच’ फोल्डर ७००, ‘ऑथराइज्ड_कीज’ ६०० आणि घरच्या बाजूला प्रायव्हेट की ६००. ती ६४४, म्हणजे इतरांनाही वाचता येईल अशी, असेल तर किल्ली फार उघडी आहे म्हणून एसएसएच ती वापरायलाच नकार देते. हे निदान वाचता तरी येते. सर्व्हरच्या बाजूची चूक जास्त छळते. वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये गटाला लिहिण्याची परवानगी असेल, म्हणजे ७७५ किंवा कोणीतरी वैतागून ७७७ केलेले असेल, तर किल्ली बरोबर असूनही ती नाकारली जाते, कारण त्या फोल्डरमध्ये कोणीही वेगळी ‘ऑथराइज्ड_कीज’ आणून ठेवू शकतो. वापरणाऱ्याला दिसते फक्त ‘परमिशन डिनाइड’. खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असते: मालकी किंवा परवानग्या चुकीच्या. उबुंटूवर ते ‘/व्हार/लॉग/ऑथ.लॉग’मध्ये किंवा ‘जर्नलसीटीएल -यू एसएसएच’ने मिळते. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर सेवेचे नाव ‘एसएसएचडी’.

आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांत एक रीत सर्रास दिसते. क्लाउडमधून मिळालेली एकच ‘.पेम’ फाइल (खासगी किल्ली) व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची आणि सगळ्यांनी तीच वापरायची. नोकरी सोडून गेलेल्याच्या फोनमध्येही ती राहते. खरे तर सहा जणांच्या सहा किल्ल्या करायला काहीच पडत नाही. ‘ऑथराइज्ड_कीज’मध्ये सहा ओळी, प्रत्येकीच्या शेवटी माणसाचे नाव, आणि कोणी गेला की त्याची ओळ काढायची. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांना लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. किल्लीने झालेल्या प्रत्येक लॉगिनपुढे लॉगमध्ये त्या किल्लीचा ठसा पडतो. किल्ल्या वेगळ्या असतील तर आत कोण आले होते ते कळते. सगळ्यांची एकच असेल तर १८० दिवसांच्या लॉगमध्ये एकच ठसा.

किल्ली चालते याची खात्री झाल्यावरच पासवर्डचे दार बंद करावे. क्रम महत्त्वाचा, कारण इथे चुकले तर माणूस स्वतःच बाहेर अडकतो. ‘/ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग’मध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ आणि ‘केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन नो’ या दोन्ही ओळी हव्यात. पहिलीच घातली तर काही सर्व्हर दुसऱ्या वाटेने पासवर्ड विचारत राहतात. मग ‘सूडो एसएसएचडी -टी’, यात टी लहान. लिहिण्यात चूक असेल तर ती इथे कळते. काही न बोलता परत आली तर ठीक. त्यानंतर सेवा पुन्हा सुरू करावी, पण आहे ती खिडकी बंद करू नये. सेवा पुन्हा सुरू केल्याने चालू जोडणी तुटत नाही. दुसरी नवी खिडकी उघडून लॉगिन होते का बघावे, झाले तरच पहिली सोडावी.

एवढे करूनही सर्व्हर पासवर्ड मागत राहिला तर? उबुंटूच्या क्लाउड प्रतिमांवर हे वारंवार होते. मुख्य फाइलच्या अगदी वरच्या भागात ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरमधल्या फाइली जोडून घेणारी ओळ असते, आणि त्या फोल्डरात ‘५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ’मध्ये पासवर्ड चालू ठेवलेला असू शकतो. एसएसएचडीच्या बाबतीत एकाच गोष्टीसाठी जी किंमत आधी वाचली जाते तीच धरली जाते, नंतरची नाही. पुष्कळ प्रोग्रॅमांत याच्या उलट असते, त्यामुळे लोक फसतात. शेवटी लागू काय झाले ते ‘सूडो एसएसएचडी -टी’ने दिसते, मात्र या वेळी टी मोठा.

पोर्ट २२ बदलून २२२२ करण्याचा सल्लाही लेखात होता. त्याने लॉगमधला कचरा कमी होतो. सुरक्षितता म्हणाल तर फारशी वाढत नाही.

विंडोजवाल्यांसाठी वेगळे लिहावे लागेल, कारण तिथे अजून पुटी बरीच चालते. सायमन टॅथम आणि सहकाऱ्यांचा हा एसएसएचचा मोफत प्रोग्रॅम १९९९पासून आहे. त्याच्याच संचातला प्लिंक हा टर्मिनलमधून चालणारा भाऊ रात्रीच्या बॅकअपच्या बॅच फाइलींत हमखास सापडतो. ठराविक तक्रार अशी: हाताने चालवली की फाइल चालते, टास्क शेड्युलरमधून चालवली की लटकते. पुटी आणि प्लिंक ओळखीच्या किल्ल्या फाइलमध्ये नव्हे तर विंडोजच्या रजिस्ट्रीत ठेवतात, आणि त्याही त्या-त्या वापरकर्त्याच्या खात्यात. शेड्युलर काम वेगळ्या खात्याखाली चालवत असेल तर त्या खात्याला सर्व्हर अनोळखी. प्लिंक प्रश्न विचारतो आणि मध्यरात्री उत्तर द्यायला कोणी नसते. यावर आधीच्याच आज्ञेत ‘एको वाय’ जोडून होकार आपोआप पुरवण्याचा तोडगा सांगितला जातो. म्हणजे समोर कोणीही असो, आमचा होकार. किल्ली उद्या बदलली तरी होकारच. बॅकअपमध्ये कंपनीचे सगळे हिशेब असतात हे लक्षात घेतले तर हा तोडगा किती महाग पडू शकतो ते कळेल.

त्याऐवजी आज्ञेत ‘-होस्टकी’ देऊन पुढे ताडलेला ठसा लिहावा. मग प्लिंक रजिस्ट्रीत बघत नाही, तेवढीच किल्ली मानतो. सोबत ‘-बॅच’ घालावे, म्हणजे काही विचारायची वेळ आली तर तो लटकून न राहता चूक दाखवून बाहेर पडतो आणि सकाळी ते कळते. ‘-पीडब्ल्यू’पुढे पासवर्ड लिहू नये. तो बॅच फाइलमध्ये उघडा राहतोच, शिवाय काम चालू असताना प्रक्रियांच्या यादीतही दिसू शकतो. किल्ली वापरावी. पुटीला स्वतःची ‘.पीपीके’ फाइल लागते, पुटीजेनमध्ये ओपनएसएसएचची किल्ली आयात करून ती करता येते. २०२१च्या ०.७५ आवृत्तीपासून पीपीकेचा साचा बदलला आहे, त्यामुळे नव्या पुटीजेनची फाइल जुन्या प्लिंकला वाचता येत नाही. तेव्हा दोन्ही एकाच आवृत्तीचे घ्यावेत, आणि ०.८१च्या खालची आवृत्ती ठेवूच नये. त्याआधीच्या आवृत्त्यांत ५२१ बिटांच्या ईसीडीएसए किल्लीने केलेल्या सह्यांवरून खासगी किल्ली काढता येईल असा दोष २०२४मध्ये उघड झाला. अशी किल्ली वापरलेली असेल तर नुसते अपडेट पुरत नाही, किल्लीच टाकून द्यावी लागते.

रात्रीच्या कामाच्या किल्लीला पासफ्रेज देता येत नाही, कारण ते टाइप कोण करणार? मग सर्व्हरवर तिचे हात बांधावेत. ‘ऑथराइज्ड_कीज’मधल्या तिच्या ओळीच्या सुरुवातीला ‘रिस्ट्रिक्ट’ लिहिले की टनेल, एजंट, टर्मिनल सगळे बंद. ‘कमांड’ने एकच ठरावीक आज्ञा नेमून देता येते आणि ‘फ्रॉम’ने ऑफिसचा आयपी पत्ता. ती किल्ली चोरीला गेली तरी चोराला मनाला येतील त्या आज्ञा चालवता येत नाहीत.

चुकांचे संदेश नीट वाचले तर अर्धा वेळ वाचतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे पत्त्यावरच्या मशीनपर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. सेवा बंद आहे किंवा पोर्ट चुकला. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तरच आले नाही. मशीन बंद, पत्ता जुना, किंवा क्लाउडच्या फायरवॉलने वाट अडवलेली. दोन्हींत पासवर्ड तपासत बसण्यात अर्थ नाही, तिथवर गोष्ट गेलेलीच नाही. ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ बघून लोक चक्रावतात, कारण त्यांनी एकदाच प्रयत्न केलेला असतो. एजंटमध्ये सात-आठ किल्ल्या असल्या की एसएसएच त्या एकेक करून पुढे करते, आणि सर्व्हर सहसा सहा चुका झाल्या की दार लावतो. योग्य किल्ली रांगेत मागे राहते. घरच्या ‘.एसएसएच/कॉन्फिग’ फाइलमध्ये त्या सर्व्हरच्या नावाखाली ‘आयडेंटिटीफाइल’ आणि ‘आयडेंटिटीजओन्ली येस’ लिहिले की भागते. काहीच उमगत नसेल तेव्हा ‘एसएसएच -व्ही’. लांबलचक मजकुरात ‘ऑफरिंग पब्लिक की’ या ओळी शोधाव्यात, कोणती किल्ली पुढे केली ते त्यात दिसते.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक. पासवर्ड किंवा पासफ्रेज देताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ताऱ्यांची रांगही नाही. कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर राहिला असेल तर देवनागरी अक्षरे जातात आणि पासवर्ड चुकीचा ठरतो, पण डोळ्यांना कळत नाही. आधी कोपऱ्यातली भाषा बघावी.

घरच्या जोडणीवर टर्मिनल मधेच गोठते, तो दोष बहुतेकदा सर्व्हरचा नसतो. मोबाइल इंटरनेटवर आणि अनेक घरगुती जोडण्यांवर एकच आयपीव्ही४ पत्ता कित्येक ग्राहकांत वाटलेला असतो, आणि थोडा वेळ काही हालचाल झाली नाही की मधले यंत्र ती जोडणी विसरते. कॉन्फिगमध्ये ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०’ लिहिले की दर मिनिटाला एक छोटा निरोप जात राहतो. गोठलेली खिडकी सोडवायची तर एंटर, मग टिल्डे (~), मग पूर्णविराम. टिल्डे ओळीच्या सुरुवातीलाच चालतो, म्हणून आधी एंटर. याच वाटलेल्या पत्त्यामुळे बाहेरून घरच्या मशीनवर येता येत नाही, राउटरमध्ये पोर्ट उघडला तरी नाही. आयपीव्ही६ मिळत असेल तर त्या वाटेने जमते.

जोडणी तुटली की तिच्यातून चालवलेले कामही सहसा मरते. लांबचे काम टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी सर्व्हरवर चालू राहणारे टर्मिनल) सुरू करावे, कंट्रोल-बी आणि डीने बाहेर पडावे, परत आल्यावर ‘टीमक्स अटॅच’. महासंगणकावर मात्र हेही करू नये. आपण जिथे लॉगिन होतो तो सगळ्यांच्या सामाईक वापराचा नोड असतो, तिथे गणिते चालवली की सगळेच हळू होते. काम रांगेतच टाकायचे.

फाइली नेण्याबद्दल लेखात होते ते बरोबर आहे. फक्त आरसिंक ही फाइली नेणारी आज्ञा वापरताना स्रोत फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ दिली तर आतल्या फाइली जातात, न दिली तर फोल्डरच आत जाऊन बसतो. आधी ‘-एन’ देऊन कोरडी चाचणी घ्यावी, विशेषतः ‘--डिलीट’ वापरणार असाल तर. एका सर्व्हरमधून दुसऱ्यावर जायचे असल्यास ‘-जे’ (मोठा) वापरावा. ‘-ए’ने (हाही मोठा) एजंट मधल्या सर्व्हरच्या हवाली होतो, आणि तिथला रूट तेवढा वेळ आपली किल्ली वापरू शकतो.

तेव्हा पुरवणीत शुद्धिपत्र द्यावे ही विनंती. ‘येस’च्या जागी ठसा पेस्ट करण्याची सूचना आणि तो कन्सोलवरून कसा मिळवायचा ती एक आज्ञा, एवढे पुरे. छापताना मात्र आज्ञा चौकटीत, रोमन लिपीत आणि सारख्या रुंदीच्या अक्षरांत द्याव्यात. मागच्या लेखात जुळणीच्या सॉफ्टवेअरने दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ केली आहे आणि सरळ अवतरणचिन्हे वळलेली झाली आहेत. ई-पेपरवरून ती आज्ञा जशीच्या तशी उचलून चिकटवली तर चालत नाही, आणि का चालत नाही ते नवख्याच्या लक्षात येत नाही.

आपला,
सर्व्हर व्यवस्थापनात काम करणारा एक वाचक, पुणे